जावक म्हणजे पोच नव्हे

गुरुवार, दिनांक ९ एप्रिल २००९. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. जिल्हा रक्तपेढीच्या सभाकक्षातल्या टेबलावर त्रेचाळीस जावक नोंदींची एक यादी होती आणि तिच्या शेजारी सहीसाठी टंकून ठेवलेले दोन कागद. एक कुंदा मडावी यांच्यासाठी, दुसरा माझ्यासाठी.

कुंदाताईंनी आपला कागद शेवटपर्यंत वाचला, पालथा घातला आणि त्यावर पेन आडवे ठेवले.

"सही करा," प्रशासकीय अधिकारी धारस्कर म्हणाले. "दिलगिरीच्या दोन ओळी आहेत. ताकीद देऊन प्रकरण मिटवता येईल. नाहीतर तुमचे कंत्राट मेअखेर संपते, ते पुढे वाढणार नाही."

"दिलगिरी कशाची, साहेब?"

"उत्तर मिळूनही दखल घेतली नाही, त्याची."

"उत्तर मिळालंच नाही जी. न मिळालेल्या उत्तराची दखल कशी घेतात ते सांगा, तशी घेते."

चौकशीसाठी विभागीय कार्यालयातून आलेल्या डॉ. सुशीला ठवरे यांनी चष्म्यावरून एकदा वर पाहिले आणि पुन्हा फाइलीत मान घातली.

कुंदाताई देवळटोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत्या. नऊ वर्षे कंत्राटावर, दरवर्षी नव्याने. १७ मार्चला दुपारी त्यांच्याकडे एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. कुंदाताईंनी रक्तपेढीच्या संगणकाला साठा विचारला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उत्तर आले नाही. दूरध्वनी केला, तर पलीकडून नियम ऐकवला गेला की विचारणा संगणकावरूनच करावी, तोंडी माहिती मिळणार नाही. पाऊण-एक तास वाट पाहून त्यांनी रुग्णवाहिका एकशे बारा किलोमीटरवरच्या मोठ्या शहराकडे पाठवली. बाई वाचली, पण रक्त चढायला सहा तास लागले. तिच्या नवऱ्याने तक्रार केली. तेव्हा उघड झाले की त्या दिवशी आमच्या शीतकपाटात ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या होत्या. देवळटोला आमच्यापासून अडतीस किलोमीटरवर.

मी त्या रक्तपेढीचा तांत्रिक सहायक होतो. शिक्षणाने शासकीय तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक, वयाने सत्तावन्न, निवृत्तीला पावणेतीन महिने उरलेले. संगणक, त्याच्या तारा आणि शीतकपाटांचे तापमापक माझ्या ताब्यात होते.

व्यवस्था साधी होती. जिल्ह्यातली अकरा ग्रामीण रुग्णालये आमच्या संगणकाला प्रश्न विचारीत: अमुक गटाच्या किती पिशव्या आहेत? संगणक साठा पाहून उत्तर पाठवी. एक छोटा निरोप यायचा, एक छोटा निरोप जायचा. संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोन लाइन होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक बंद पडली तर दुसरी असावी, हा हेतू. दहा रुग्णालये पहिल्या लाइनने येत. देवळटोल्याच्या खोऱ्यात दुसऱ्या कंपनीचीच तार पोचली होती, म्हणून ते एकटे दुसऱ्या लाइनने येई.

आलेल्या प्रत्येक प्रश्नाला संगणक आवक क्रमांक देई आणि गेलेल्या प्रत्येक उत्तराला जावक क्रमांक. ही कल्पना धारस्करांची. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवक-जावक विभाग इतका काटेकोर ठेवला होता की त्यांच्या हाताखालून एक कागद कधी गहाळ झाला नाही, असे त्यांचे विरोधकही मान्य करीत. त्यांनीच काढलेल्या यादीप्रमाणे फेब्रुवारीपासून देवळटोल्याच्या त्रेचाळीस विचारणा आल्या होत्या आणि त्रेचाळीस उत्तरे गेली होती. १७ मार्चच्या दुपारी सहा विचारणा, सहा उत्तरे. प्रत्येक उत्तरात तोच मजकूर: ओ निगेटिव्ह, चार पिशव्या उपलब्ध.

"जावक क्रमांक पडला म्हणजे कागद कार्यालयाबाहेर गेला," धारस्कर ठवरे मॅडमना सांगत होते. "त्यानंतर त्याचे काय झाले हा घेणाऱ्याचा प्रश्न. सही न करता कागद कपाटात टाकणारे पुष्कळ पाहिलेत मी."

"माझ्याकडे काय आलं मग, साहेब?" कुंदाताईंनी विचारले. "क्रमांक आला का? तोही नाही आला. मी फेब्रुवारीत पत्र पाठवलं होतं, उत्तरं येत नाहीत म्हणून."

त्या पत्राची नोंद होती. त्यावर धारस्करांच्या कार्यालयाचा शेराही होता: संगणक सुरू आहे, दोन्ही लाइन सुरू आहेत, तसे कळविण्यात यावे. तो शेरा माझ्या तोंडी माहितीवरून लिहिलेला होता. मी तेव्हा यंत्राजवळ जाऊन दोन हिरवे दिवे पाहिले होते आणि "सुरू आहेत" म्हणालो होतो.

ठवरे मॅडम माझ्याकडे वळल्या. "हटवार, तुमचा दाखला राहिला आहे."

माझ्यासमोरच्या कागदावर लिहिले होते: 'प्रमाणित करण्यात येते की, दि. ४ फेब्रुवारी ते १७ मार्च या कालावधीत रक्तपेढीचा संगणक व दोन्ही लाइन सुस्थितीत होत्या आणि जावक नोंदींनुसार देवळटोला येथील सर्व ४३ विचारणांची उत्तरे पाठविण्यात आली आहेत.' खाली माझे नाव, पद आणि सहीची जागा.

तो कागद मला आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता मिळाला होता, आणि सही करण्यापूर्वी आकडे पडताळावेत म्हणून मी संगणकातल्या मूळ नोंदी काढल्या होत्या. त्रेचाळीस हा आकडा बरोबर निघाला. पण त्या नोंदी दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट मला बोचली. उरलेल्या दहांपैकी प्रत्येक रुग्णालय एक प्रश्न एकदाच विचारीत होते. देवळटोला मात्र तोच प्रश्न तीन-तीन, चार-चार वेळा विचारीत होते. त्रेचाळीस विचारणांमध्ये खरे प्रश्न चौदाच होते. उरलेल्या एकोणतीस वेळा तोच प्रश्न पाच-दहा मिनिटांनी पुन्हा आलेला. मी आणखी मागे गेलो. जानेवारीत देवळटोल्याने एकही प्रश्न दोनदा विचारला नव्हता. पुन्हा विचारणे सुरू झाले ते ४ फेब्रुवारीच्या दुपारपासून.

त्या तारखेला माझ्या कामाच्या वहीत काय लिहिले आहे, ते मी उघडून पाहिले. मग वही मिटली आणि पाणी प्यायलो.

"हटवार," धारस्करांनी पेन पुढे केले. "यात चुकीचे काही असेल तर सांगा."

"एकही शब्द चुकीचा नाही, साहेब."

"मग?"

"तरी सही करणार नाही."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी मी हिरव्या दिव्यांवाल्या शेऱ्याचा धनी होतो.

धारस्कर हसले, पण आवाज चढवला नाही. "तुम्ही तारा जोडता, त्या जोडा. कागदाची भाषा आमच्याकडे राहू द्या. शब्द खरे आहेत आणि सही नाही, हे कुठल्या नियमात बसते?"

मी ठवरे मॅडमना विनंती केली की, दहा मिनिटे संगणकाच्या खोलीत यावे. मला जे सांगायचे आहे ते तिथे दाखवता येईल, इथे पटवता येणार नाही. धारस्करांचे म्हणणे पडले की चौकशी कागदोपत्री आहे, प्रात्यक्षिकाची तरतूद नाही. मॅडम उठल्या. "तरतूद नसली तरी पाय आहेत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून गेलो.

खोलीतल्या दूरध्वनीवरून मी देवळटोल्याला लावले आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असे बटण दाबले. तिकडे बोरकर सिस्टर होत्या. कुंदाताईंनीच त्यांना सांगितले की प्रयोगशाळेतल्या संगणकावरून बी पॉझिटिव्ह विचारा आणि काय दिसते ते बोलत राहा.

बारा वाजून चार मिनिटांनी आमच्या पडद्यावर आवक नोंद उमटली. दुसरी लाइन, देवळटोला, बी पॉझिटिव्ह. लगेच खाली जावक क्रमांक: उत्तर पाठवले, सतरा पिशव्या.

"बघा," धारस्कर म्हणाले. "आवक झाली, जावक झाली."

"सिस्टर, काय आलं?" कुंदाताईंनी विचारले.

"काही नाही आलं जी. थांबा... नाही. रोजच्यासारखंच आहे. पुन्हा विचारू का?"

"विचारा."

पुन्हा आवक. पुन्हा जावक. पलीकडून सिस्टरचा तोच आवाज, आता जरा वैतागलेला. "बाई, हे तुमचं यंत्र बहिरं नाही, मुकं आहे."

धारस्कर म्हणाले, दोष देवळटोल्याच्या संगणकात असेल. तिकडचे यंत्र जुने, वीज येते-जाते, उत्तर पोचून पडद्यावर दिसत नसेल. शंका रास्त होती आणि तिचे उत्तर देणे भाग होते. मी खुर्चीवर बसलो आणि कळफलक पुढे ओढला.

"काय करताय?"

"एक नियम परत घालतो आहे. दोन ओळी."

"माझ्या लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नाही, हटवार."

"आदेश लेखी होता, साहेब. म्हणूनच हे घडले."

मग ठवरे मॅडमनी विचारले, "कोणता आदेश?"

मी कळफलकावरचे हात मांडीवर घेतले आणि सांगितले. या संगणकाला बाहेर पडायची दोन दारे आहेत आणि प्रत्येक दाराला स्वतंत्र पत्ता आहे. देवळटोल्याचा प्रश्न दुसऱ्या दाराच्या पत्त्यावर येतो, म्हणून उत्तराच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताही दुसऱ्या दाराचाच पडतो. जानेवारीपर्यंत इथे एक नियम होता: ज्या दाराने प्रश्न आला त्याच दाराने उत्तर जावे. ३ फेब्रुवारीला धारस्कर साहेबांचे परिपत्रक आले. आवक कोणत्याही टेबलावर होऊ शकते, जावक मात्र एकाच टेबलावरून व्हावी, हा कार्यालयाचा दंडक संगणकालाही लागू करावा. सर्व उत्तरे मुख्य लाइननेच बाहेर पडावीत, म्हणजे त्यांची मोजणी एका ठिकाणी राहील.

"त्यात गैर काय आहे?" धारस्कर म्हणाले. "चार टेबलांवरून कागद बाहेर गेले की हरवतात. हे मी अनुभवाने सांगतो."

"कागदाच्या बाबतीत खरे आहे. पण देवळटोल्याचे उत्तर पाकिटावर दुसऱ्या कंपनीचा पत्ता घेऊन पहिल्या कंपनीच्या दारातून बाहेर पडू लागले. ती कंपनी पाहते की हा पत्ता आपल्या ग्राहकाचा नाही, कोणीतरी खोट्या नावाने पाठवतो आहे, आणि पाकीट फेकून देते. परत पाठवत नाही. कळवतही नाही. आपल्याकडे जावक क्रमांक पडलेला असतो."

"म्हणजे त्रेचाळीस उत्तरे..." मॅडमनी वाक्य अर्धे सोडले.

"गेली. पोचली नाहीत. जावक म्हणजे पोच नव्हे, मॅडम."

धारस्करांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली. ते खोटारडे नव्हते; आपल्या यादीवर त्यांचा खरोखरच विश्वास होता, आणि त्या क्षणी तो विश्वास त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसला. पण दुसऱ्याच क्षणी ते सावरले. परिपत्रकात त्यांनी फक्त काय हवे ते लिहिले होते. कसे करायचे ते त्यांनी सांगितले नव्हते. नियम प्रत्यक्ष काढला कोणी?

हा प्रश्न येणार हे मला आदल्या दिवशी तीन वाजल्यापासून ठाऊक होते.

"मी काढला," मी म्हणालो. "४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटे. माझ्या वहीत नोंद आहे: आदेशाप्रमाणे केले, तपासले, ठीक. मी तपासले ते इथल्याच एका पहिल्या लाइनवरच्या संगणकावरून. देवळटोल्याहून कोणाला विचारायला लावले नाही. एक दूरध्वनी करायचा होता, तो केला नाही. नंतर या बाईंचे पत्र आले, तेव्हा मी दिवे पाहिले."

कुंदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

धारस्कर माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणला. मला आजही वाटते, तो प्रस्ताव त्यांनी थोडासा माझ्या भल्यासाठीही ठेवला असावा. अहवालात 'तांत्रिक बिघाड' असे दोन शब्द लिहावेत. बाईंवरचा आरोप मागे घेऊ, परिपत्रकाचा उल्लेख नको, माझ्या वहीचाही नको. निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या माणसाने सेवापुस्तकात शाई सांडून घेण्यात काय अर्थ?

"बिघाड झालाच नव्हता, साहेब," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. "यंत्राने आदेश तंतोतंत पाळला. बिघाड लिहिला तर उद्या कोणी हे यंत्र बदलेल आणि नव्या यंत्रावर हेच परिपत्रक लावेल. मी तुमचे आणि माझे, दोघांचेही नाव लिहिणार."

"मी परवानगी देत नाही."

"मी मागितलेली नाही."

मी दोन ओळी टंकल्या. पहिली: दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावरून निघणाऱ्या उत्तरांसाठी वेगळी मार्गसूची वापरावी. दुसरी: त्या सूचीत बाहेरची वाट एकच, दुसरी लाइन. एकदा वाचून पाहिल्या आणि लागू केल्या. मग कुंदाताईंना सांगितले की सिस्टरना पुन्हा विचारायला सांगा. यंत्र तेच, जागा तीच, प्रश्न तोच.

बारा वाजून एकोणतीस मिनिटे. आवक. जावक.

दूरध्वनीतून आधी काही आले नाही. मग सिस्टर म्हणाल्या, "आलं की. बी पॉझिटिव्ह, सतरा." आणि जरा थांबून, "कुंदाबाई, हे खरं आहे का जुनंच कुठलं दाखवतंय?"

"वेळ काय लिहिली आहे?"

"बारा एकोणतीस."

"मग खरं आहे," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांनी दूरध्वनी स्वतःच्या हाताने ठेवला.

ठवरे मॅडमनी तिथेच, संगणकाच्या टेबलाच्या कडेवर कागद ठेवून निष्कर्ष लिहायला घेतला. धारस्करांनी तो कसा लिहावा याबद्दल दोन सूचना केल्या. मॅडमनी दोन्ही ऐकून घेतल्या आणि त्यांतली एकही लिहिली नाही. दिलगिरीचा कागद त्यांनी मागवून घेतला, त्यावर तिरकी रेघ मारली आणि फाइलीला लावून टाकला. माझा दाखलाही त्यांनी मागितला. मी त्यातला छापील मजकूर तसाच ठेवला आणि खाली हाताने लिहिले: वरील सर्व विधाने खरी असून त्यांवरून उत्तरे पोचली असा अर्थ काढता येत नाही, उत्तरे ज्या बदलामुळे पोचली नाहीत तो बदल परिपत्रकानुसार मी केला व त्याची पोच मी तपासली नाही. मग सही केली.

बाहेर व्हरांड्यात कुंदाताई देवळटोल्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. मी त्यांच्यापाशी गेलो आणि माफी मागितली. त्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या आवाराकडे पाहत राहिल्या.

"त्या बाईचा नवरा मला दर दोन मिनिटाला विचारत होता, 'ताई, काय म्हणतात रक्तपेढीवाले?'" त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगत होते, उत्तर येतच आहे. सहा वेळा सांगितलं. त्याला वाटलं मी खोटं बोलते. नंतर मलाही वाटायला लागलं, की आपणच काही चुकीचं दाबतो आहोत."

"तुमचे काही चुकले नव्हते."

"ते मला आज कळलं, सर. त्याला कोण कळवणार?"

मी म्हणालो की मी कळवीन. त्यांनी गावाचे नाव सांगितले. पुढच्या रविवारी मी तिथे गेलो आणि त्या माणसाच्या ओट्यावर बसून सगळे सांगितले. दोन दारे, पाकीट, पत्ता. त्याने ऐकून घेतले, चहा दिला आणि एवढेच विचारले की आता येते ना उत्तर. बाई आत मुलाला घेऊन बसली होती. ती बाहेर आली नाही, आणि तिने यावे असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

मेअखेर कुंदा मडावींचे कंत्राट वाढले. परिपत्रक रद्द झाले, त्याचे कारण मात्र रद्द करणाऱ्या पत्रात लिहिलेले नाही. विनापरवानगी संगणकात बदल केल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात एक ठपका नोंदला गेला. तो पुसून घेण्यासाठी अर्ज करावा, असे मला दोघांनी सुचवले. मी केला नाही. ठपक्यातला मजकूर खरा होता.

९ एप्रिलच्या दुसऱ्या दिवसापासून मी नोंदींमध्ये आवक आणि जावक यांच्यापुढे तिसरा स्तंभ घातला. उत्तर मिळाले की रुग्णालयाच्या संगणकाने उलट एक निरोप पाठवायचा, तो आला तरच या स्तंभात खूण पडायची. निवृत्त झालो त्या संध्याकाळी पाच वाजता देवळटोल्याचे पान छापून काढले आणि पुढच्या माणसाच्या हाती दिले. १० एप्रिल ते ३० जून २००९: आवक ५७, जावक ५७, पोच ५७.